बेअरफूट वॉटर शूज : खडपात ठीक, पण पायाला खरंच फायदा होतो का?

ओहोटीची_वेळ

डिसेंबरात चार दिवस मालवण-देवबाग. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) चालणं, ओहोटीला खडपात (किनाऱ्यावरच्या खडकांत) फिरणं, एक दिवस स्नॉर्कलिंग. त्यासाठी वॉटर शूज घ्यायचेत. ऑनलाइन बघायला गेलं की निम्म्या जोड्यांवर 'बेअरफूट' (म्हणजे अनवाणी चालल्यासारखं वाटावं असे) छापलेलं असतं आणि खाली फायद्यांची जंत्री: पायाचे स्नायू बळकट होतात, सपाट पाय सुधारतात, टाचदुखी जाते वगैरे. जाणकारांना तीन प्रश्न.

१. वॉटर शू आणि बेअरफूट बूट एकच का? घेताना नेमकं काय तपासायचं?
२. हेच बूट परत आल्यावर रोज सकाळी ४-५ किमी चालायला वापरले तर? वय ४५, वजन ८२ किलो, पाय सपाट, सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच दुखते.
३. सोबत वडील आहेत, वय ७०, मधुमेह १५ वर्षं. त्यांनाही तसलेच घ्यावेत का?

दुकानांचे दुवे नकोत, कारणं हवीत.

चवडा_टाच

'बेअरफूट' हा शब्द कुणीही छापू शकतं, त्याला आयएसआयसारखा शिक्का लागत नाही. २०१५ साली कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठाच्या पुढाकाराने 'मिनिमलिस्ट इंडेक्स' नावाची मोजपट्टी तयार झाली. बुटाचं वजन, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक (म्हणजे ड्रॉप), लवचिकता आणि पाय आवरणारे टेकू-पट्ट्या अशा पाच बाबींना ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेचे टक्के काढायचे. गंमत अशी की बोटांना जागा किती, याला त्यात गुणच नाहीत. त्यामुळे मोज्याच्या बुडाला रबर चिकटवावं तसला साधा वॉटर शू या मोजपट्टीवर घसघशीत टक्के मिळवतो आणि तरी करंगळीला शेजारच्या बोटाखाली सारतो. जाहिरातीतल्या 'बेअरफूट'चा घोळ नेमका इथे आहे. तळ पातळ करणं स्वस्त पडतं. पुढचा भाग पायाच्या आकाराचा करायचा तर साचाच बदलावा लागतो.

बाजारात ढोबळ तीन जाती दिसतात. मोजा-छाप: ताणलं जाणारं कापड आणि २-३ मिमी रबर, तरणतलावाची कड, पुळण, होडीत चढ-उतार एवढ्यापुरते. निओप्रीनचे ३ किंवा ५ मिमी जाडीचे बूट: डायव्हिंगवाले फिन्सच्या आत घालतात ते. थंड पाण्यासाठी चांगले, आपल्याकडच्या कोमट समुद्रात पाय उगाच शिजतात. तिसरे पुढे रुंद, ड्रॉप शून्य, तळ ४ ते ६ मिमी, वर इलॅस्टिक दोरी आणि बुडाला पाणी निघायला भोकं असलेले. तुम्हाला हे तिसरे हवेत.

माप असं घ्या. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जमिनीवर कागद, टाच भिंतीला टेकलेली, त्या पायावर पूर्ण वजन. रेघ दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा. आपण वाकलो की वजन सरकतं. पेन्सिल काटकोनात उभी हवी. ती आत कलली की पाऊल चार-पाच मिमीने अरुंद उमटतं आणि सगळं मोसम बोटं चेपण्यात जातं. दोन्ही पायांची रेघ मारा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा (ते अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं) आणि चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. मोठ्या पायाचं माप धरायचं.

मग बुटातलं इनसोल (आतला सुटा तळ) बाहेर काढून त्या रेघेवर ठेवा. बोटांची रेघ इनसोलच्या बाहेर डोकावली तर तो बूट परत. इनसोल चिकटवलेलं असेल तर पायाचा आकार जाड कागदातून कापून बुटात सरकवा. कडा वर वळल्या म्हणजे जागा कमी. लांबीला जमिनीवरच्या बुटात १०-१२ मिमी मोकळीक ठेवतात, पाण्यातल्या बुटात ५-६ मिमी पुरे. ओलं कापड सैलावतं, पाय पुढे घसरतो आणि उरलेल्या जागेत वाळू भरते.

शेवटची परीक्षा घरीच. बूट पोळीसारखा गुंडाळता आला पाहिजे. मग ओल्या पायांनी घालून बादलीत बुडवा आणि मोरीत दहा पावलं चाला. चौथ्या-पाचव्या पावलानंतरही फतक-फतक आवाज येत असेल तर पाणी निघायची वाट नाही. असला बूट समुद्रातून बाहेर आल्यावर पाव किलो जास्त वजन घेऊन चालतो आणि टाचेला घासतो.

खडप_खाजण

वरच्या मापाशी सहमत. किनाऱ्यापुरती भर घालतो.

खडपात पाय कापतो तो बहुतेक कालवांमुळे (दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांमुळे). शिंप अर्धी फोडून नेलेली असते, उरलेली अर्धी दगडाला चिकटून राहते आणि तिची कड ब्लेडसारखी असते. ती तळव्याला कमी आणि बाजूला, करंगळीच्या मुळाशी किंवा घोट्याखाली जास्त लागते, कारण पाय दोन दगडांच्या फटीत घसरतो. म्हणून तळ किती मिमी हे बघताना रबर बाजूने किती वर आलंय तेही बघा. बोटांवर रबराची टोपी आणि कडेने निदान एक बोट उंचीची रबरी पट्टी हवी. निव्वळ जाळीचा बूट खडपात नको.

पकड. शेवाळावर कुठलंच रबर भरवशाचं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. ओल्या दगडावर मऊ रबर आणि बारीक चिरांचा सपाट तळ धरतो, कारण जास्त रबर दगडाला लागतं. ट्रेकिंगच्या बुटाची खोल नक्षी चिखलासाठी असते, ओल्या कातळावर ती चार टोकांवर उभी राहते. परदेशात नदीत मासे पकडणारे नमद्याचे (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचे) तळ वापरत. ते शेवाळावर खरंच धरतात, पण एका नदीतले सूक्ष्म जीव दुसरीत नेतात म्हणून न्यूझीलंडने २००८ साली त्यांवर बंदी घातली. आपल्याकडे उपाय साधा: हिरवं आणि काळं-चकचकीत दिसतं तिथे पाय ठेवायचा नाही, बार्नॅकल्सच्या (दगडाला चिकटलेल्या बारीक कवचधारी जीवांच्या) खरखरीत पांढुरक्या पट्ट्यावर ठेवायचा. अनवाणी पायाला तो पट्टा सोलून काढतो, रबराला तोच उत्तम धरतो.

पातळ तळाने काय अडत नाही, तेही ऐका. सी अर्चिनचा (अंगभर काटे असलेल्या गोल समुद्री जीवाचा) काटा ४ मिमी रबरातून आरपार जातो. पाकटाची (शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाची) नांगीही जाते. उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत पुढे न्या; पाकट वाळूत दबून बसलेलं असतं, चाहूल लागली की निघून जातं. नांगी लागलीच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. त्या विषाची वेदना उष्णतेने उतरते. पाणी आधी दुसऱ्याने हाताने बघावं, कारण दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही. नांगी खोल रुतली असेल तर ओढू नका, तशीच दवाखान्यात. अर्चिनचे वर दिसणारे काटे चिमट्याने सरळ ओढा. ठेचून विरघळवण्याचे घरगुती प्रयोग करू नका, तुकडे आत राहतात. कालवाच्या कापाला पाच मिनिटं गोडं पाणी आणि साबण, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवणं, आणि लाली चढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

स्नॉर्कलिंगबद्दल एकच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पायात बूट आहेत म्हणून प्रवाळावर उभं राहायचं नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि बुटाने मोडलेला तुकडा वाढायला वर्षं जातात. दमलात तर पाठीवर तरंगा.

ओहोटीची_वेळ

फार उपयोगी, दोघांचेही आभार. दुसऱ्या प्रश्नाचं काय? रोज चालण्याला चालतील?

सावकाश_चाल

वॉटर शू म्हणून घेतलेली जोडी रोजच्या चालण्याला नको. पकडीसाठी वापरलेलं मऊ रबर डांबरी रस्त्यावर भराभर झिजतं आणि त्या कापडात मोज्याशिवाय तास-दीड तास चाललं की घामाने त्वचा ओली राहून फोड येतात. ओल्या त्वचेला घर्षण जास्त लागतं. फोड येतो तो बूट घट्ट असल्यानेच असं नाही.

दुसरं, पाण्यात बुटाचा 'व्यायाम' होतो हा समज काढून टाका. कमरेएवढ्या पाण्यात पायावरचा भार साधारण निम्मा होतो. तिथे बूट फक्त राखणीला. खरा भार येतो तो पुळणीवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दोन ते पावणेतीन पट ऊर्जा लागते आणि टाच दर पावलाला खाली रुतत असल्याने पोटरी व टाचेमागची शीर जास्त ओढली जाते. चार दिवसांच्या सहलीनंतर टाच दुखते ती यामुळे, आणि दोष बिचाऱ्या बुटाला जातो. ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणजे एक पाय सतत खाली. जितकं जाल तितकंच त्याच पट्ट्यावरून उलट या.

आता तुमची टाच. उठल्यावरची पहिली पावलं दुखणं हे तळव्याच्या पडद्याच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण आहे. ते शमेपर्यंत शून्य ड्रॉपचे पातळ बूट लांब ठेवा. तळव्याचा हा पडदा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो. अंगठा वर वळला की रहाटाला दोर गुंडाळावा तसा तो ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स यांनी १९५४ साली हे दाखवलं आणि इंग्रजीतही त्याला रहाटाचंच नाव आहे. व्यायाम याच्याच आधाराने करायचा. टॉवेलची वळकटी करून पायरीच्या कडेला ठेवा, बोटं तिच्यावर, टाच हवेत, एका पायावर उभे. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर पिशवीत पुस्तकं भरून १० वेळा, चार फेऱ्या. चार आठवड्यांनी आणखी वजन, ८ वेळा, पाच फेऱ्या. डेन्मार्कमध्ये तपासून पाहिलेली पद्धत आहे. घाईने केलेले शंभर हेलकावे कामाचे नाहीत.

पातळ तळाकडे वळायच्या आधी दोन चाचण्या. भिंतीसमोर पाऊल ठेवा, अंगठा भिंतीपासून १० सेंमी; टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? नसेल तर आधी घोटा मोकळा करा. दुसरी, एका पायावर सलग २० वेळा टाच पूर्ण उचलता येते का? दोन्ही जमलं तर पहिले दोन आठवडे दिवसाला १० मिनिटं, तीही सपाट जमिनीवर, उरलेलं चालणं जुन्या बुटात. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. ४५ मिनिटांचा पूर्ण फेरफटका व्हायला दोन महिने सहज लागतात. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, हाड मागून येतं आणि गडबड होते ती मधल्या काळात.

पोटरी भरून येऊन दोन दिवसांत ओसरली तर काळजी नको. पण चवड्याच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या मागे, एका बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल तर तिथेच थांबा. हाडाला तडा जायची ती खूण असू शकते आणि पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. 'एक्स-रेत काही नाही' म्हणून लोक चालत राहतात.

शंकासूर

एवढं सगळं करून मिळतं काय, ते कुणी सांगेल का? पाचबोटी (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या) बुटांच्या व्हिब्रम या प्रसिद्ध कंपनीला 'स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात' या दाव्यांवरून अमेरिकेत खटल्याला तोंड द्यावं लागलं. २०१४ साली त्यांनी चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. त्याच सुमाराच्या, २०१३ सालच्या एका चाचणीत दहा आठवड्यांत पाचबोटी बुटांवर वळवलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली.

(अवांतर: हे पाचबोटी बूट आधी शिडाच्या होड्यांच्या ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून पुढे आणले गेले. धावणाऱ्यांनी नंतर उचलले. म्हणजे मूळ वॉटर शूच!)

चवडा_टाच

शंकासूर, आकडे बरोबर आहेत, पण ते धावण्याचे आहेत. चालण्याचं चित्र वेगळं दिसतं. २०१९ साली अमेरिकेत आठ आठवड्यांची चाचणी झाली. रोजची पावलं पातळ बुटात हळूहळू वाढवत नेणाऱ्यांचे पायाचे छोटे स्नायू, मुद्दाम व्यायाम करणाऱ्यांइतकेच वाढले. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वापरात असे बूट घातल्यावर बोटांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. तेव्हा 'स्नायू बळकट होतात' हे चालण्यापुरतं खोटं नाही. 'दुखापती कमी होतात' हे त्यावरून सिद्ध होत नाही, ती उडी जाहिरातवाले मारतात.

सपाट पायाबद्दल आपल्या शेजारचाच अभ्यास आहे. कर्नाटक किनाऱ्यावर राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले, १९९२ साली प्रसिद्ध झाला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. पायात बंद बूट असलेल्यांत प्रमाण सर्वांत जास्त, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. पण हे वाढत्या वयाच्या मुलांचं आहे. ४५ व्या वर्षी बूट बदलून कमान उभी राहील असा अर्थ त्यातून काढू नका. आणि सपाट पाय दुखत नसेल, टाच उचलल्यावर कमान दिसत असेल, तर तो आजार नाहीच.

बोटांच्या जागेचं मात्र वय नाही. अंगठा आत वळायला लागला असेल, करंगळीवर कुरूप होत असेल, तर रुंद बुटाने घासणं उद्यापासून थांबतं. तळाची जाडी हा नंतरचा, सावकाशीचा मामला. तुमच्यासाठी पुढे रुंद पण ८-१० मिमी तळाचा बूट हा चालण्याला जास्त शहाणपणाचा सौदा आहे.

तळपाय

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१५ वर्षांच्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते आणि माणसाला ते माहीत नसतं. घरी एक साधी तपासणी होते. वडिलांना डोळे मिटून आडवं व्हायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी 'डावा' किंवा 'उजवा' म्हणावं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झाली असं धरा आणि जाण्याआधी डॉक्टरांकडून मोनोफिलामेंटची (बारीक नायलॉनच्या तंतूने स्पर्श तपासायची) तपासणी करून घ्या.

जाणीव कमी असेल तर पातळ तळाचे कुठलेच बूट नाहीत. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: अनवाणी नाही, नुसत्या मोज्यांवर नाही, पातळ तळाच्या सपातांवर नाही, घरातही नाही. बेअरफूट बुटाचा सगळा भर 'जमीन जाणवू द्या' यावर असतो. जाणवणारच नसेल तर उरतं ते फक्त कमी संरक्षण. वाळूचे चार कण बोटाखाली अडकले आणि तासभर कळलं नाही की जखम तयार, शिवाय दुपारची वाळू भाजते ते वेगळंच.

त्यांच्यासाठी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली सँडल. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर जे काम केलं त्यातून हे रबर आपल्याकडे रुळलं. मधुमेही पायालाही तेच तत्त्व लागू पडतं, दाब एका जागी न येता पसरतो. पुळणीवर सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फिरावं, खडपात नाही. पायावर भेग किंवा जखम असेल तर समुद्रात पाय बुडवायचाच नाही. खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू मधुमेहात आणि यकृताच्या आजारात फार वेगाने पसरतात. परत आल्यावर पाय धुऊन, बोटांमधून टिपून, तळवा आरशात बघायचा. आणि वर सांगितलेला गरम पाण्याचा उपाय बधिर पायाला घरी करू नका, कातडी भाजली तरी कळणार नाही.

ओहोटीची_वेळ

तपासणी केली. डाव्या पायाला दोन ठिकाणी चुकले. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यांच्यासाठी बुटांचा विचार रद्द. अनेक आभार.

शेवटचं एक: हेच बूट पुढच्या पावसाळ्यात ट्रेकला ओढे ओलांडायला आणि शहरात तुंबलेल्या पाण्यात चालतील का? निगा कशी राखायची?

खडप_खाजण

ओढ्याला उत्तम, पण फक्त ओलांडण्यापुरते. ट्रेकच्या बुटांची जोडी पिशवीला लटकवा, वॉटर शू घाला, पलीकडे पाय पुसून परत बूट. दिवसभर ओल्यात राहिलं की चौथ्या-पाचव्या बोटामधली कातडी पांढरी पडून चिखल्या होतात. साध्या चिखल्यांवर क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, दिसणं बंद झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे. स्टिरॉइड मिसळलेली 'तीन-इन-वन' मलमं नकोत. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पसरते.

तुंबलेल्या पाण्यात नाही. जाळीतून पाणी आत येतं, लेप्टोपासून (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजारापासून) काडीचं संरक्षण नाही. तिथे गमबूटच, आणि पायाला खरचटलेलं असताना त्या पाण्यातून जावं लागलं असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा.

निगा: समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात दोनदा खळखळून धुवा. मीठ राहिलं की कापड कडक होतं आणि टाचेला कानस लावल्यासारखं घासतं. इनसोल वेगळं काढून सावलीत वाळवा. कडक उन्हात आणि गाडीच्या डिकीत डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे. वास मारत असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, अर्धा तास, मग स्वच्छ धुणे.

सोल पुढून उचकटला तर नुसतं चिकटवून टिकत नाही. मोच्याकडून कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्या. भोकं पडतील म्हणून घाबरू नका, पाणी तसंही आत-बाहेर करणारच आहे. मात्र तळ पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) असेल आणि नखाने खरवडल्यावर भुगा निघत असेल तर शिलाई धरणार नाही. दमट हवेत न वापरताही पीयू असा कुजतो. घेतानाच रबरी तळ बघून घ्या.